ऊन सर्वांचे, छप्पर काहींचे

सांगोला तालुक्याला निसर्गाने पाऊस हात आखडून दिला आणि ऊन मात्र सढळ हाताने दिले. माणदेशातील माणसाने हे ऊन आजवर वैरी म्हणूनच ओळखले. माण नदीचे कोरडे पात्र, तळ गाठलेल्या विहिरी, जनावरांच्या छावण्या आणि रोजगार हमीच्या कामावरची उघडी डोकी, एवढीच त्याची येथील ओळख होती. आता त्याच उन्हातून घरोघरी वीज काढण्याची भाषा सुरू झाली आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना' आणली. देशातील एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसवण्याचा तिचा संकल्प असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली आहे. वैऱ्याचा मित्र होत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मैत्रीचा करार करताना त्यातील कलमे वाचावीत, हा शहाणपणा कष्टकऱ्याने अनुभवातून शिकलेला आहे.

या विषयाभोवती आज गैरसमजांचे रान माजले आहे. त्यांची 'अडाणी लोकांच्या कल्पना' म्हणून टवाळी करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. यांतील काही गैरसमज विक्रेत्यांच्या जिभेवर जन्मले आहेत, काही सरकारी जाहिरातींतून आले आहेत, तर काहींच्या मुळाशी लोकांचा कटू अनुभव आहे. सर्वांत मोठा गैरसमज तर शिकलेल्यांच्या आणि धोरण आखणाऱ्यांच्या डोक्यात आहे. म्हणून एकेक समजूत हातात घेऊन तपासली पाहिजे. चुकीच्या समजुतीवर घेतलेल्या कर्जाचा हप्ता बागायतदार सोसू शकतो. डाळिंबाच्या बागेत रोजाने राबणारे कुटुंब सोसू शकत नाही.

पहिली समजूत अशी की, छपरावर सौर संच बसवला म्हणजे भारनियमनाची कटकट संपली. गावात अंधार झाला तरी आपल्या घरी दिवा राहणार. महावितरणच्या वाहिनीला जोडलेल्या साध्या संचाच्या बाबतीत हे खरे नाही. वाहिनीतील वीज गेली की असा संच भर दुपारीही स्वतःहून बंद पडतो आणि वाहिनी सुरू झाल्यावरच पुन्हा चालू होतो. हा यंत्राचा दोष नसून ती हेतुपुरस्सर केलेली योजना आहे. वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातातील तारेत एखाद्या घराच्या छपरावरून उलटी वीज आली, तर त्याचा जीव जाईल. हा वायरमन पुष्कळदा कंत्राटी कामगार असतो. त्याच्या प्राणांसाठी आपल्या घरातील पंखा काही काळ थांबला, तर त्याबद्दल तक्रार नसावी. वीज गेल्यावरही ज्यांना दिवे हवेत त्यांना बॅटरी व त्यास योग्य असा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याचा खर्च वेगळा आणि काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा भारही वेगळा. विक्रेता हे पहिल्या भेटीत सांगत नसेल, तर ते सांगणे कार्यकर्त्याचे काम आहे.

दुसरी समजूत भाषेतूनच आली आहे. मराठीत 'ऊन' या एकाच शब्दात उजेडही येतो आणि ताप येतो. त्यामुळे जितके ऊन कडक तितकी वीज अधिक, आणि म्हणून सांगोल्याचा वैशाख म्हणजे सौरविजेची सुगी, असा तर्क केला जातो. छपरावर पाणी तापवणारा सौरबंब आणि वीज करणारे सौर पॅनेल यांतील फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. बंबाला उष्णता हवी असते. पॅनेलला उजेड हवा असतो आणि उष्णता त्याला बाधते. पॅनेलची नोंदलेली क्षमता त्याचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. त्यावर वाढणाऱ्या प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. हवेचे तापमान चाळिशी ओलांडते तेव्हा पॅनेलचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही वर जातो; म्हणजे ऐन उन्हाळी दुपारी क्षमतेचा दहा ते पंधरा टक्के भाग तापातच जिरतो. पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतके उंच बसवावे, या साध्या सूचनेचे मोल येथे कळते.

याच समजुतीची दुसरी बाजू म्हणजे पावसाळी, ढगाळ दिवसांत संच अगदी निकामी होतो असे मानणे. ढगांतून गाळून येणाऱ्या उजेडावरही वीज तयार होते. ती कमी होते, पण थांबत नाही. पूर्ण वर्षाचा विचार केला तर महाराष्ट्रात एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो. त्याला सुमारे शंभर चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागते. शेजारच्या कडुनिंबाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी जोडीच्या पॅनेलांचे उत्पादनही खाली येऊ शकते. विक्रेता महिन्याला शेकडो युनिटांची हमी देऊ लागला की हे चार युनिटांचे गणित त्याच्यापुढे मांडावे.

तिसरी समजूत 'मोफत' या शब्दाची आहे आणि ती योजनेच्या नावातच घातली आहे. महिन्याला ३०० युनिटे वीज मोफत, असे सांगितले जाते. वस्तुतः सरकार कोणाच्याही घरी ३०० युनिटे फुकट पाठवीत नाही. सरकार संचाच्या किमतीचा एक भाग अनुदान म्हणून देते: एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटना ६०,००० आणि तीन किंवा त्यापेक्षा अधिक किलोवॅटना ७८,००० रुपये. उरलेला पैसा ग्राहकाने स्वतःच्या खिशातून किंवा बँकेच्या कर्जातून उभा करावयाचा असतो. शिवाय अनुदान आधी हातात पडत नाही. संच बसवून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यावर ते बँक खात्यात जमा होते. ही मोफत वीज नव्हे; ही अनेक वर्षांच्या विजेची आगाऊ खरेदी होय. खरेदी म्हणून ती पुष्कळांना फायद्याची आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पॅनेल पंचवीस वर्षे टिकतात आणि काही वर्षांत गुंतवणूक वसूल होते. परंतु खरेदीला दान म्हणणे ही फसवणूक आहे. ज्याने दान समजून सही केली, तो पहिला हप्ता कापला गेल्यावर सौरविजेचाच द्वेष करू लागतो.

बिल 'शून्य' होते, हीही अशीच अर्धवट गोष्ट. नेट मीटर दिवसा वाहिनीत गेलेली आणि रात्री वाहिनीतून घेतलेली वीज मोजतो आणि दोहोंची वजाबाकी बिलात येते. स्थिर आकार मात्र राहतोच. अधिक झालेली वीज महावितरणला विकून घरबसल्या कमाई होईल, ही आशाही बाळगू नये. उरलेल्या युनिटांचा हिशेब वर्षाअखेरीस होतो आणि त्यांना मिळणारा भाव, ग्राहक विजेसाठी जो चढा दर मोजतो त्याच्या जवळपासही नसतो. गरजेपेक्षा मोठा संच गळ्यात मारणाऱ्याचा फायदा त्यात असतो, घरमालकाचा नसतो.

चौथी समजूत अशी की, संच एकदा बसवला की त्याकडे पाहावे लागत नाही. सांगोल्याच्या कच्च्या रस्त्यांची आणि माळरानांची धूळ ज्याने पाहिली आहे त्याला याचे उत्तर सांगावे लागू नये. धुळीचा थर बसला की उत्पादन घटते आणि ती नियमित पुसावी लागते. येथील पुष्कळ विंधन विहिरींचे पाणी जड आहे. ते भर दुपारी तापलेल्या काचेवर ओतले तर क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि काच तडकण्याचाही धोका असतो. सकाळी लवकर, शक्य तितक्या मऊ पाण्याने, ओल्या फडक्याने पुसणे हाच पाणीटंचाईच्या मुलखातील उपाय. पॅनेल पंचवीस वर्षे टिकले तरी इन्व्हर्टर तितका टिकत नाही. तो मध्ये एकदा तरी बदलावा लागेल हे धरूनच हिशेब करावा. या योजनेत पॅनेल आणि त्यातील सेल भारतीय बनावटीचे असणे बंधनकारक आहे आणि पहिली पाच वर्षे देखभालीची जबाबदारी संच बसवणाऱ्यावर आहे. ही दोन कलमे करारात लेखी आहेत की नाहीत, हे सहीपूर्वी पाहावे.

पाचवी समजूत पावसाबद्दलची आहे. पॅनेलांमुळे उष्णता वाढते आणि ढग पळतात, अशी कुजबुज दुष्काळी भागात ऐकू येते. या शतकाच्या आरंभीच्या दुष्काळात सांगली-साताऱ्याकडे पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो असा समज असाच पसरला होता. छपरावरच्या चार पॅनेलांना मोसमी वाऱ्यांची वाट अडवण्याचे सामर्थ्य नाही; ढग किती उंचीवर असतात आणि किती शेकडो मैलांवरून येतात हे शाळकरी मुलालाही समजावून सांगता येते. तथापि असा समज पसरतो तेव्हा त्यामागचा संताप ओळखला पाहिजे. डोंगर गावाचे, वारा गावाचा, पण पवनचक्की परक्या कंपनीची आणि वीज दूरच्या शहराची. गावाच्या वाट्याला फक्त रखवालदाराची नोकरी. ज्या यंत्रात गावाचा वाटा नसतो, त्या यंत्रावर गावाचा विश्वास बसत नाही. विज्ञानाचे शिक्षण तर दिलेच पाहिजे. पण वाटा दिल्याखेरीज ते शिक्षण पुरे पडणार नाही.

येथून मूळ प्रश्नाला हात घालता येतो. सौरवीज ही ज्याच्या त्याच्या छपराची खाजगी बाब आहे, हाच तो शिकलेल्यांचा मोठा गैरसमज. ऊन सर्वांवर सारखे पडते, म्हणून त्याची वीजही सर्वांना सारखी मिळेल, असे गृहीत धरले जाते. परंतु ऊन आणि वीज यांच्यामध्ये छप्पर उभे आहे आणि छप्पर ही मालमत्ता आहे. योजनेचा लाभ घेण्यासाठी स्वतःचे, मजबूत, सावलीमुक्त छप्पर लागते; स्वतःच्या नावाचे वीजमीटर लागते; ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद लागते; आणि बँकेने दारात उभे करावे इतकी पत लागते. वाडीवस्तीवर पत्र्याच्या खोपटात राहणारा शेतमजूर, गायरानावर वसलेले भटके कुटुंब, मेंढरांमागे वर्षाचा मोठा काळ परमुलखात फिरणारा धनगर, सांगोला शहरात भाड्याच्या खोलीत राहणारा हमाल यांच्यापैकी कोण या अटींतून पार होईल? घर वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि वारसनोंद भावाभावांच्या वादात अडकलेली, अशी पक्की घरेही गावोगाव आहेतच.

दरांची रचना ही विषमता आणखी वाढवते. राज्यात घरगुती विजेचा दर पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी असून पुढे तो टप्प्याटप्प्याने चढत जातो. ज्याचा वापर महिन्याला पन्नास-साठ युनिटे आहे, त्याची सौर संचामुळे होणारी बचत स्वस्त युनिटांची असते. ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे आणि वापर चारशे युनिटांवर जातो, त्याची बचत महाग युनिटांची असते. म्हणजे अनुदान सरकारी तिजोरीतून, पण त्याचे सर्वांत गोड फळ ज्याचे छप्पर मोठे आणि बिल मोठे त्याला. शिवाय मोठे ग्राहक वाहिनीतून वीज घेणे कमी करू लागले की, ज्यांच्या चढ्या दरांतून गरिबांच्या स्वस्त दराचा भार उचलला जात होता, तो आधार कमी होतो. मग उरलेल्यांचे दर वाढवा, अशी मागणी पुढे येते. छपरावरच्या सौरविजेला विरोध करण्यासाठी वीज कंपन्या हाच युक्तिवाद वापरतात. तो तेवढ्यापुरता खरा असला, तरी गरिबाची ढाल करून सौरवीज रोखणे आणि गरिबाला वगळून सौरवीज वाढवणे, हे दोन्ही मार्ग समाजवाद्याला अमान्य असले पाहिजेत.

राज्य सरकारने २०२५ साली दारिद्र्यरेषेखालील आणि महिना १०० युनिटांहून कमी वापर असलेल्या सुमारे पाच लाख घरगुती ग्राहकांसाठी, एक किलोवॅटच्या संचाला केंद्राच्या अनुदानावर आपले वाढीव अनुदान देण्याची योजना जाहीर केली. ती पाठिंब्यास पात्र आहे आणि तालुक्यातील प्रत्येक पात्र कुटुंबाचा अर्ज भरून घेणे हे कार्यकर्त्यांचे तातडीचे काम आहे. पण तीही छपराच्या मालकाशीच बोलते. बिनछपराच्या माणसाशी बोलणारी भाषा अजून सरकारला सापडलेली नाही.

ती भाषा सांगोल्याच्या परिसरातच जन्मली आहे. १९९३ पासून सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी संघर्ष चळवळ उभी राहिली. सांगोला त्या तालुक्यांपैकी एक. कृष्णेचे पाणी दुष्काळी मुलखाला मिळाले पाहिजे, एवढ्यावर ही मागणी थांबली नाही. ते समन्यायी पद्धतीने वाटले पाहिजे, ज्याला जमीन नाही त्या कुटुंबालाही पाण्याचा वाटा मिळाला पाहिजे, हा विचार या चळवळीतून पुढे आला. खानापूर तालुक्यात लोकांनी १९८०च्या दशकात उभारलेल्या बळीराजा धरणात भूमिहीनांच्या पाणीहक्काचे तत्त्व मान्य झाले होते. पाणी जमिनीच्या मालकाचे नव्हे, कुटुंबागणिक सर्वांचे, हे जर समजू शकते, तर ऊन छपराच्या मालकाचे नव्हे, कुटुंबागणिक सर्वांचे, हे का समजू नये?

हे केवळ भाबडे स्वप्न नाही. एका जागी संच उभारून त्याची वीज अनेक घरांच्या बिलांत वाटून वळती करण्याची पद्धत तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दिल्लीत तिची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ सालीच आली. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ साली सौरपंपधारकांची सहकारी मंडळी स्थापून शिलकी वीज एकत्रितपणे वीज कंपनीला विकण्यास सुरुवात केली. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे सुमारे शंभर घरांचे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. एका गावाने सर्व घरे मिळून ठरवले तर काय होते, याचा तो धडा आहे. सांगोल्याला सहकार नवा नाही. गणपतराव देशमुख यांच्यासारख्या, या तालुक्याने अकरा वेळा विधानसभेवर पाठवलेल्या नेत्याच्या पुढाकाराने येथे दुष्काळी माळावर सहकारी सूतगिरणी उभी राहिली. ज्या तालुक्यात कापसाचे बोंड नगण्य, तेथे सहकाराने सूत काढले. मग जेथे ऊन उदंड, तेथे सहकाराने वीज काढणे अशक्य का व्हावे?

शाळांची, ग्रामपंचायतींची, बाजार समितीच्या गाळ्यांची, दूध संस्थांची आणि सूतगिरणीची छपरे ही सार्वजनिक वा सहकारी मालकीची छपरे आहेत. त्यांवर सामूहिक संच उभारावेत, त्यांतील वीज बिनछपराच्या आणि बिनकागदाच्या कुटुंबांच्या नावे वळती करावी, आणि देखभालीचे काम गावातील प्रशिक्षित तरुण-तरुणींना द्यावे, ही मागणी पक्षाने हाती घेण्यासारखी आहे. टेंभू-म्हैसाळच्या पंपांची बिले थकली की पाणी थांबते, हे दुष्काळी भागाने वारंवार पाहिले आहे. वीज कोणाच्या हाती यावर पाणी कोणाच्या हाती हे ठरते; म्हणून हा प्रश्न पंख्या-दिव्यांपुरता मानता येणार नाही. १९९०च्या दशकातील दाभोळ करारानेही हाच धडा दिला होता: विजेचे झगमगते आश्वासन ऐकताना 'पैसे कोण देणार आणि मालकी कोणाची' हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव तीन कामे अंगावर घ्यावीत. पहिले, सभेत एखाद्याचे वीजबिल मोठ्याने वाचून त्यातील प्रत्येक आकार समजावून द्यावा आणि वरील गैरसमज एकेक करून दूर करावेत. घरगुती संचाची योजना वेगळी आणि २०२४ची 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना वेगळी, ही गल्लतही मोडावी. दुसरे, छप्पर, मीटर वा नोंद नसल्यामुळे योजनेबाहेर राहणाऱ्या कुटुंबांची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. तिसरे, सार्वजनिक छपरांवरील सामूहिक संचाचा आणि त्यातील समन्यायी वाट्याचा ठराव करून घ्यावा, आणि वीज नियामक आयोग दरांवर जनसुनावणी घेईल तेव्हा तो ठराव घेऊन तेथे हजर राहावे. जनसुनावणीत उद्योगांचे वकील नेहमी असतात. खोपटातल्या ग्राहकाची खुर्ची मात्र रिकामी असते. ती खुर्ची सांगोल्याने भरावी.